साच्यात काय भरायचं आणि काय कोरं ठेवायचं



आमच्या जुन्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पाट कायम सरकवलेला असायचा. तो जेवायला बसायचा पाट नव्हता. सासूबाई कणीक मळायला आल्या की पायाने तो पुढे ओढायच्या आणि त्यावर उभ्या राहायच्या. त्यांची उंची ४ फूट ९ इंच आणि ओटा ३४ इंच. पाटाशिवाय त्यांचे खांदे कानाशी यायचे.

ते स्वयंपाकघर आम्ही बारा वर्षांपूर्वी एका दुकानातून तयार करून घेतलं होतं. दुकानातल्या मुलाने कॉम्प्युटर उघडला, आधीच भरून ठेवलेला आराखडा पडद्यावर आणला, आमच्या खोलीची लांबी-रुंदी टाकली आणि पंधरा मिनिटांत चित्र समोर ठेवलं. "ताई, हे स्टँडर्ड माप आहे," तो म्हणाला. मी ओट्यापाशी उभी राहून पाहिलं. माझी उंची ५ फूट २ इंच. मला तो ओटा नेमका बसला. त्यामुळे काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. दुकानात सासूबाईंना कुणी उभं करून पाहिलं नाही, आणि मीही केलं नाही. त्या आराखड्यात कांदे-बटाट्यांसाठी जाळीचा मोठा कप्पाही होता. आमच्या घरात त्यात कांदा-बटाटा कधी पडला नाही. लाटणी, सांडशी आणि जुनी वर्तमानपत्रं पडली. पैसे मात्र पूर्ण दिले.

एका संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ताटं वाढायची घाई होती. सासूबाईंचा पाय पाटावरून घसरला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या काही बोलल्या नाहीत. "पाट ओला होता," एवढंच म्हणाल्या. पण पाट तिथे का होता, हे मला माहीत होतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी ठरवलं की या वेळी पहिली रेघ आपण ओढायची. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिने मला 'स्वीट होम थ्रीडी' हा प्रोग्रॅम शिकवला. तो फुकट मिळतो. फ्रान्समधल्या इमान्युएल प्युबारे यांनी तो तयार केला आणि २००६ पासून तो लोकांपुढे आहे. बाजूने भिंती ओढायच्या, यादीतून कपाट, खिडकी, दार उचलून ठेवायचं, आणि खाली लगेच घर उभं राहिलेलं दिसतं. चार दिवसांत माझा हात बसला. पण भाचीने मला पहिल्याच दिवशी थांबवून सांगितलेली गोष्ट सगळ्यांत मोलाची ठरली. ती म्हणाली, "मावशी, भिंत ओढायच्या आधी यात आधीपासून काय भरलंय ते बघ."

प्रत्येक प्रोग्रॅममध्ये काही आकडे आधीच भरलेले असतात. आपण काही सांगितलं नाही तर तो तेच धरून चालतो. यालाच डिफॉल्ट म्हणतात. या प्रोग्रॅमची भिंत आपण न सांगता ७.५ सेंटिमीटर जाड, म्हणजे साधारण ३ इंच असते, आणि उंची २५० सेंटिमीटर, म्हणजे सव्वाआठ फुटांच्या आसपास. आपल्याकडे वीटकामाची बाहेरची भिंत ९ इंची आणि आतली साडेचार इंची. आता हिशेब करा. प्रोग्रॅममध्ये भिंतीची रेघ तिच्या मध्यावरून धरली जाते. मध्यापासून मध्यापर्यंत १० फूट ओढले, तर ३ इंची भिंतींमध्ये आतली जागा ९ फूट ९ इंच दिसते. एका बाजूला ९ इंची आणि दुसऱ्या बाजूला साडेचार इंची भिंत धरली, तर ती ९ फूट सव्वापाच इंच उरते. जवळजवळ चार इंच गेले! कागदावर बसलेलं कपाट खोलीत बसत नाही, ते असं. उंचीचंही तसंच. सव्वाआठ फुटांच्या खोलीत ७ फुटांवर माळा दाखवला तर वर जेमतेम सव्वा फूट उरतो. आपल्या नेहमीच्या साडेनऊ फुटी खोलीत तोच माळा अडीच फुटांचा होतो आणि घरातली मोठी पातेली त्यावर सुखाने मावतात.

यात प्रोग्रॅमचा काही दोष नाही. त्याला कुठला तरी आकडा धरावाच लागतो. आपण आपला आकडा सांगायचा, एवढंच. आणि दर वेळी नव्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट भरून ठेवायचा. त्यालाच साचा किंवा टेम्प्लेट म्हणायचं. माझं मत असं की घर बांधायचं किंवा स्वयंपाकघर नव्याने करायचं मनात असेल, त्या प्रत्येक बाईने आधी आपल्या घराचा असा एक साचा करावा. ते काम नवऱ्यावर, ठेकेदारावर किंवा दुकानातल्या मुलावर सोडू नये. स्वयंपाकघरात दिवसाचे सहा तास कोण उभं असतं?

मी काय केलं ते सांगते. फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन माप इंचांत केलं, नव्या भिंतीची जाडी आणि उंची बदलली. हे भिंत ओढायच्या आधीच करायचं, कारण आधी ओढलेल्या भिंती त्याने बदलत नाहीत. मग एक कोरी फाइल घेतली आणि तिच्या एका कोपऱ्यात आपल्या वस्तू मांडून ठेवल्या. नमुन्याला ९ इंची आणि साडेचार इंची भिंतीचा एकेक तुकडा. आमचं देवघर त्याच्या खऱ्या मापाने. पाणी गाळायची जागा: नळाशेजारी दोन पातेली बाजूबाजूला राहतील एवढा दोन फूट ओटा आणि गाळणं वाळत घालायला वर दांडी. तयार आराखड्यांत ही जागा मला कुठेच दिसली नाही, त्यामुळे आपल्या घरात ती मागाहून कुठेतरी कोंबलेली असते. चौक्यासाठी ६ फूट बाय ६ फूट मोकळी जागा, कारण महाराज उभ्याने आहार घेतात आणि देणारी माणसं भोवती उभी असतात. दारापासून तिथपर्यंत वाटेत टेबल यायला नको. कांदे-बटाट्यांचा कप्पा अर्थातच नाही.

आणखी एक सोय मला फार आवडली. या प्रोग्रॅममध्ये होकायंत्र आहे. त्यात आपलं गाव आणि उत्तर दिशा एकदा भरली की ती फाइलमध्येच राहते. मग तारीख आणि वेळ देऊन चांगल्या दर्जाचा फोटो काढला की त्या वेळी ऊन कुठून येतं ते दिसतं. आमच्याकडे सांगली भागात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आपला संध्याकाळचा स्वयंपाक त्याआधी, साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान चालतो. मी १५ डिसेंबर, संध्याकाळी ५ अशी वेळ टाकून पाहिली, तर ओटा पूर्ण अंधारात! खिडकी पश्चिमेच्या भिंतीवर तीन फूट सरकवली आणि उजेड परातीपर्यंत आला. उन्हाळ्यात त्याच खिडकीतून ताप येणार, म्हणून वर रुंद छज्जा धरला. दिवसाउजेडी जेवणाऱ्या घराला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. बाहेरून आलेला साचा तो आपल्याला विचारणार नाही.

काही जणी म्हणतील, आर्किटेक्टला फी देतो, मग आपण कशाला डोकं घालायचं? आमच्या आर्किटेक्टकडे मी ही फाइल नेली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचाही ऑफिसचा साचा असतोच. माझी फाइल पाहून त्यांचे निम्मे प्रश्न तिथेच संपले. त्यांचं काम त्यांनीच केलं. खांब, तुळया, पाण्याचे पाइप मला कळत नाहीत. पण आमच्या घरात दिवस कसा जातो हे त्यांना कसं कळावं?

इथवर सगळं छान होतं. आता माझी चूक सांगते, आणि हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला.

मी साचा केला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सासूबाईंचं मोडलेलं मनगट होतं. ओट्याची उंची काढायची एक सोपी रीत आहे. सरळ उभं राहून हात कोपरात वाकवायचा, कोपराची जमिनीपासूनची उंची मोजायची आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. सासूबाईंचं कोपर ३६ इंचांवर. मी ओटा ३१ इंच धरला आणि साच्यात पक्का करून टाकला. मला त्याचा फार अभिमान होता. गेल्या वर्षी वन्संनी पुण्यातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं. मी उत्साहाने फाइल पाठवली. "काही बघू नका, सगळं भरलंय," असं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि तसंच करून घेतलं.

वन्सं ५ फूट ६ इंच उंच आहेत. आईवर नाही, वडिलांवर गेल्यात. दसलक्षण पर्वात आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या एक हात कमरेवर ठेवून, वाकून भाजी चिरत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, सवय होईल." मला एकदम ओट्याखालचा तो पाट आठवला. दुकानातल्या मुलाने सासूबाईंना जे केलं, तेच मी त्यांच्या लेकीला केलं होतं. त्याने निदान माझी उंची तरी समोर पाहिली होती. मी तर फोनवरूनच मोकळी झाले.

तेव्हापासून माझ्या साच्यात दोन भाग आहेत. घराच्या रीतीचं जे आहे, ते भरलेलं: पाण्याची जागा, देवघर, चौक्याची मोकळी जागा, दिवसाउजेडीचा स्वयंपाक. हे आमच्या घरी, वन्संकडे, उद्या मुलीच्या घरी सारखंच राहील. माणसाच्या शरीराचं जे आहे, ते मुद्दाम कोरं. ओट्याच्या जागी उंचीचा आकडा नाही. तिथे मजकूर लिहायच्या सोयीने मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत. इथे रोज कोण उभं राहतं? तिचं कोपर किती उंचीवर आहे? तिचे गुडघे, तिची पाठ कशी आहे? फाइल उघडली की आधी हे प्रश्नच डोळ्यांपुढे येतात. भिंतीच्या जाडीपुढेही "गवंड्याला विचारा" असं लिहिलंय, कारण ब्लॉकच्या भिंती वेगळ्या जाडीच्या असतात. या प्रोग्रॅममध्ये घरात फिरणारा एक माणूसही असतो. त्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते. ती जिचं घर तिच्या डोळ्यांइतकी करून मग वरचा कप्पा हाताशी येईल का ते पाहायचं.

करणार असाल तर एक सांभाळा. साच्याची फाइल उघडल्या उघडल्या आधी 'सेव्ह ॲज' करून नवं नाव द्या. नाहीतर पहिल्याच घराचं चित्र कोऱ्या साच्यावर बसतं आणि साचा गेला. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. स्केचअपसारख्या प्रोग्रॅममध्ये फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करायची वेगळी सोय आहे, तिथे ही भीती नाही. आणि फाइल दुसरीला पाठवलीत तर तिच्या कॉम्प्युटरवरचे प्रेफरन्सेस तिचे असतात, तुमचे नव्हे. ती नवी भिंत ओढेल ती तिच्याकडच्या जाडीची. म्हणून फाइलबरोबर एक फोनही करा. मी केला असता तर वन्संची पाठ वाचली असती.

वन्संनी नंतर ओट्याच्या ग्रॅनाइटखाली चौकट टाकून तो पाच इंचांनी वर घेतला. खर्च आम्ही निम्मा उचलला. त्या नको म्हणत होत्या, पण ह्यांनी ऐकलं नाही.

आमच्या नव्या घरात ओट्याला दोन उंची आहेत. गॅसपाशी ३४ इंच माझ्यासाठी, आणि खिडकीपाशी चार फुटांचा तुकडा ३१ इंच. डिसेंबरात पाच वाजता उजेड नेमका तिथे येतो. सासूबाई तिथे कणीक मळतात. पाट आता जेवायच्या खोलीत आहे आणि त्यावर आम्ही बसतो.