कुवेत : तेल त्यांचे, घाम कोणाचा?



कुवेत हा देश आकाराने केवढा? सुमारे १८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित मोठा. बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करून मिळवावे लागते. आणि आम्हा रेल्वेवाल्यांना नवल वाटावे, पण या श्रीमंत देशात अजून रेल्वे नाही.

टपाल खात्यातील मित्रांना मात्र तो परका वाटू नये. तेलाच्या आधी मोती काढणे आणि गलबतांचा व्यापार यांवर हा मुलूख जगत होता, आणि तो व्यापार हिंदुस्थानशी होता. १९२३ पासून तेथे आपल्याच टपाल खात्याची तिकिटे, वर ‘कुवेत’ असा छाप मारून विकली जात. व्यवहारात रुपया चाले. १९६१ साली ब्रिटिश संरक्षण संपून देश स्वतंत्र झाला, तेव्हा कुठे दिनार आला.

१९३८ साली बुरगान येथे तेल लागले आणि १९४६ साली तेलाचे पहिले जहाज बाहेर पडले. १९७५ साली सरकारने परदेशी कंपन्यांकडून तेलधंदा पूर्णपणे ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी राखून ठेवण्याचा कायदा केला. नागरिकांना शिक्षण व औषधोपचार मोफत केले. राष्ट्राची संपत्ती राष्ट्राच्या हाती असली म्हणजे काय करता येते, हे खासगीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी तेथे जाऊन पाहावे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कुवेतच्या सुमारे ५० लाख वस्तीत नागरिक जेमतेम एक तृतीयांश. बाकीचे परदेशी, आणि त्यांत भारतीयच सुमारे १० लाख. इमारती बांधणारे, रस्ते झाडणारे, घरकाम करणारे हात त्यांचे. कामगाराचा परवाना ‘कफील’ म्हणजे जामीनदार मालकाशी बांधलेला. मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलणे कठीण, आणि काम सोडले तर ‘पळून गेला’ अशी तक्रार होण्याची भीती.

आणि युनियन? कुवेतने संघटना-स्वातंत्र्याचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक ८७ हा १९६१ सालीच मान्य केला. एप्रिल २०१६ मध्ये तेथील तेल कामगारांनी पगारकपातीविरुद्ध तीन दिवस संप केला आणि तेल उत्पादन निम्म्याच्या खाली आणले. परंतु हा बळाचा हक्क नागरिकांचा. परदेशी कामगाराला युनियनमध्ये मत नाही, निवडून येण्याचा अधिकार नाही. देशातले बहुसंख्य कामगार ज्या संघटनेच्या दाराबाहेर उभे, ती संघटना किती काळ बळकट राहील?

या दाराबाहेर राहण्याची किंमत १२ जून २०२४ रोजी कळली. मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. एकाच इमारतीत दोनशेच्या आसपास माणसे राहत होती. सुमारे ५० दगावले, त्यांत ४५ भारतीय. खोलीत माणसे कोंबू नका, जिना मोकळा ठेवा, असे ठणकावून सांगणारा त्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी तेथे नव्हता.

आपल्यापैकी कित्येकांची मुले, भाचे, शेजारी आखातात आहेत. कोकणातून तर पिढ्यान्‌पिढ्या माणसे जातात. जाणाऱ्याला आमचे सांगणे एवढेच : सरकारी नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जा, करारपत्र इथेच वाचून घ्या, त्याची एक प्रत घरी ठेवा, आणि पासपोर्ट मालकाच्या हवाली करू नका.

कुवेतकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, तेही पाहू. करार क्रमांक ८७ आपल्या सरकारने आजही मान्य केलेला नाही. आणि आपल्याच फलाटावर, डब्यांच्या सफाईत, टपालाच्या थैल्या उचलताना जो कंत्राटी कामगार दिसतो, त्याला आपल्या युनियनच्या सभेत किती जागा आहे? कायम कामगार आत आणि कंत्राटी बाहेर, ही भिंत कुवेतमध्ये चुकीची असेल तर आपल्या शाखेतही चुकीचीच. ती पाडण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक शाखेने मांडावा.