गोधडीचे तास कोण मोजतं?

आमच्या बचत गटाला दहा वर्षं झाली म्हणून दिवाळीआधी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. गोधड्या, दुपटी, लोकरीची तोरणं, सगळं बायकांच्या हातचं. एक ताई आल्या, अंगावर सुरेख महेश्वरी. गोधडीचे बाराशे ऐकून म्हणाल्या, "अगंबाई, जुन्या साड्यांचीच तर आहे!" मला राग नाही आला. बाजारात मीही असंच बोलते. पण नजर त्यांच्या साडीवरच राहिली.

त्या साडीमागेही हेच गणित आहे. २०२५ हे अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीचं वर्ष. जानेवारीत मध्य प्रदेशचं मंत्रिमंडळ महेश्वरला बसलं आणि महेश्वरसह सतरा गावांत दारूबंदीचा निर्णय झाला (हे मात्र छान झालं!). मे महिन्यात आपलं मंत्रिमंडळ चौंडीला बसलं. तीनशे रुपयांचं नाणंही निघालं. देवींनी महेश्वरला विणकर वसवले, हे भाषणांतून पुष्कळदा ऐकलं. आज माग चालवणाऱ्या हातात काय पडतं, हे कमी ऐकलं.

महेश्वरीच्या काठावरची चटई, वीट, हिरा ही नक्षी तिथल्या किल्ल्याच्या भिंतींवरची. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. पण मधल्या काळात हा धंदा पार बसला होता. १९७०च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था काढली. रेहवा म्हणजे नर्मदा. संस्थेनं बायकांना मागावर बसवलं. एरवी बायकांनी कांड्या भरायच्या, सूत उकलायचं, आणि विणकर म्हणून नाव नवऱ्याचं, अशीच रीत. इथे बाई स्वतः विणकर झाली. विणकरांच्या मुलांसाठी शाळा आली, घरं आली. मला यातली मजुरीची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. पैसे स्वतःच्या हातात आले की घरातलं बोलणं बदलतं, हे गटात मी डोळ्यांनी पाहिलंय.

देशाचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेत पस्तीस लाखांवर कामगार मोजले गेले, त्यात शंभरात बहात्तर बायका. आणि विणकरांच्या दर तीन कुटुंबांतल्या जवळजवळ दोघांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत! २०१५ पासून ७ ऑगस्टला हातमाग दिवस साजरा होतो. २०२० च्या जुलै महिन्यात, दिवसाच्या तोंडावर, अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झालं. विणकरांना आपलं म्हणणं मांडायची होती ती एक जागाही गेली.

प्रदर्शन संपल्यावर आम्ही हिशेबाची वही उघडली. कापड, दोरा, एसटीचं भाडं, चहा. हातांसाठी रकानाच नाही! मग तो आखला. पण तास सांगताना एकीची पंचाईत झाली. "जेवणं आटोपली की बसते, घड्याळ कोण बघतं?"

शेवटी अंदाजानं सत्तर तास धरले. तासाला वीस रुपये लावले तरी मजुरीच चौदाशे झाली. म्हणजे बाराशेला आम्ही तोट्यातच विकत होतो.

ती गोधडी काही विकली गेली नाही. माझ्या कपाटात आहे. पुढच्या प्रदर्शनात तीच मांडणार, नव्या किमतीची चिठ्ठी लावून.