तेल आत, फडकं बाहेर

पावसाळा संपला की सायकलच्या दुकानांत चेनची कामं वाढतात. त्यांतल्या बऱ्याच चेन तेलाविना नव्हे, तर न पुसता तेलावर तेल चढवत गेल्याने झिजलेल्या असतात, असं आमचं ठाम मत आहे. चेन लांबते तेव्हा पोलादी पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक जोडात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात (गिअरच्या चेनला वेगळं बुश नसतं, आतल्या पट्टीचीच कड वळवलेली असते) आणि शंभरेक जोडांचा तो ढिलेपणा साठून चेन लोंबू लागते. म्हणजे तेल हवं ते पिनेपाशी. पट्ट्यांवर साचलेलं तेल धूळ धरण्यापलीकडे काही करत नाही. अशा चेनवरचा काळा लगदा दोन बोटांत चोळून पाहावा. खरखर लागते ती वाळूची आणि लोखंडाच्या किसाची. नवं तेल सोडलं की हाच माल त्याच्यासोबत आत जातो आणि पिन घासत राहतो. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल तर काजळी आणि धातूचे कण घेऊनच येतं. ते फुकट मिळतं म्हणून चेनवर ओतणं बंदच झालं पाहिजे.

आधी पुसणं, मग ब्रशला थोडं रॉकेल घेऊन मळ काढणं, मग चेन पुरती वाळू देणं, कारण आत राहिलेलं रॉकेल नव्या तेलाला पातळ करतं. त्यानंतर पॅडल उलटं फिरवत रोलरमागे एक थेंब, आणि तेल मुरलं की बाहेरचं सगळं पुसून काढणं. नव्या चेनचं कारखान्यातलं ग्रीस मात्र धुऊ नये. ते जितकं आत बसलेलं असतं, तितकं आपल्याला पुन्हा बसवता येत नाही.

कोकणातले कारागीर म्हणतील, बाहेर तेल नसेल तर खाऱ्या हवेत चेन गंजेल. चिंता रास्त आहे, पण पुसल्यानंतरही पट्ट्यांवर पातळ थर उरतोच. पावसात तो धुऊन जातो, तेव्हा जरा घट्ट तेल वापरावं आणि ते वरचेवर द्यावं. एकदाच भरपूर ओतून भागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चेन स्वस्त, मजुरी महाग, मग बदलूनच का टाकू नये? कारण झिजलेली चेन एकटी जात नाही, फ्रीव्हीलचे दातही खाते. त्या दातांवर नवी चेन जोर पडताच उसळते आणि ग्राहकाला फ्रीव्हील, पुढे चेनव्हीलही घ्यावं लागतं. साध्या फूटपट्टीने हे आधीच कळतं. चेन ताणून धरून पिनेच्या मध्यापासून मोजावं: नव्या चेनचे २४ जोड बरोबर १२ इंच भरतात. चोविसाव्या जोडाच्या शेवटची पिन १/१६ इंच पुढे गेली तर गिअरची चेन बदलावी. साध्या सायकलीला १/८ इंचापर्यंत चालतं. पट्टी ग्राहकासमोरच लावावी आणि आकडा बिलावर लिहावा. पुढच्या वेळी साफसफाईची मजुरी सांगताना तोच आकडा दाखवता येतो.