मोबाईलवरील सहकार्य व फेरफार नोंदवही

हल्लीं गांवोगांवच्या शेतकरी बंधूंचे व्हॉट्सअॅपवर गट झाले आहेत. बियाणें, कीड, बाजारभाव यांची वार्ता घरबसल्या मिळते, ही सोय थोडी नव्हे. तथापि एवढ्यास सहकार्य म्हणावें काय, याचा विचार होणें अवश्य आहे. सांगितलेली गोष्ट कोणाच्या शेतांतली, कोणत्या हंगामांतली, व पुढें तिचें काय झालें, हें चार दिवसांनीं कोणास सांपडत नाहीं. ज्या माहितीस तारीख नाहीं व जबाबदार मनुष्य नाहीं, ती वदंताच होय.

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली. तेथील एक नियम वाचकांस ठाऊक आहेच. नवा हक्क दाखल झाला म्हणजे सातबाऱ्यावरील जुनें नांव नाहींसें करीत नाहींत. त्यास कंस करून फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्यामुळें पुष्कळ वर्षांनींही मूळ शोधतां येतें.

हाच नियम इंटरनेटवर लोकांनीं चालविलेल्या एका कामांत दिसतो. इंग्लंडांत २००४ सालीं स्टीव्ह कोस्ट यांनीं ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा नकाशा सुरू केला. तो कोणत्याही सरकारचा नाहीं. साधे नागरिक आपापल्या परिसरांतील रस्ते, ओढे, विहिरी त्यांत भरतात. कोणीं, केव्हां, काय बदललें याची नोंद राहते, व सर्व माहिती कोणासही उतरून घेतां येते. जानेवारी २०१० मध्यें हैतींत भूकंप झाला, तेव्हां दूरदूरच्या स्वयंसेवकांनीं थोड्याच दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा तपशीलवार नकाशा भरला, व तो मदत पथकांच्या उपयोगीं पडला.

आपणांपुढें असें काम कोणतें? माझ्या मतें, विहिरींच्या पाणीपातळीची नोंद. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नांवें असते, परंतु खालचें पाणी गटाची हद्द जाणत नाहीं. एकानें खोल बोअर घेतली तर शेजाऱ्याची बाग वाळते, आणि मग दोघेही कर्ज काढून आणखी खोल जातात. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरी मोजते. प्रत्येक विहीर मोजणें तिला शक्य नाहीं, आपणांस आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः आपल्या पिकाचा फोटो व नोंद भरूं लागला. त्यास विहिरींत टेप सोडून आंकडा लिहिणें कठीण नाहीं. हिवरे बाजारांत पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभा पिकांचा विचार करिते, हें सर्वश्रुत आहे.

कोणी म्हणतील, माझ्या विहिरीचें पाणी जगास कां दाखवावें? जमिनीची किंमत उतरेल. ही भीति अगदींच खोटी नाहीं. परंतु चैत्रांत कोरडी पडलेली विहीर कोणापासून लपत नाहीं. लपविल्यानें हातचा जातो तो दिवाळीच्या सुमारास ऊंस लावावा कीं हरभरा, हें मिळून ठरविण्याचा वेळ.

मात्र तीन गोष्टी संभाळाव्या. चुकलेला आंकडा पुसूं नये, दुरुस्ती शेजारीं नांवानिशीं लिहावी. सर्व नोंद प्रत्येक सभासदास उतरून घेतां यावी. आणि वर्षाअखेर तिची छापील प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरीं ठेवावी. कारण परक्याच्या मालकीची जागा तो केव्हां बंद करील याचा नेम नाहीं.

संस्थेच्या चालकांनीं प्रथम एकाच ओढ्याचें पाणलोट घ्यावें, व पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक विहीर मोजवावी, अशी विनंति आहे.