घर कुठं करायचं?

गेल्या महिन्यात शाळा सुटता सुटता परदेशातल्या एका नंबरवरून फोन आला. ‘अस्सलामु अलैकुम मॅडम, ओळखलंत का?’ आवाज लगेच ओळखला. दहावीला पहिल्या बाकावर बसणारी आमची विद्यार्थिनी. तीन वर्षांपूर्वी तिचा निकाह झाला. मुलगा ब्रिटनचा नागरिक, पण त्याचे आजोबा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. सलाम-दुआ झाली, बाळाची चौकशी झाली आणि ती रडायलाच लागली.

‘मॅडम, अब्बांचा इंतकाल झाल्यापासून अम्मी घरात एकटी आहे. हे म्हणतात, चल, गावीच जाऊन राहू. पण यांच्या अब्बांचं डायलिसिस चालू आहे आणि हे एकुलते एक. आम्ही कुठं राहायचं?’

आम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ‘आधी दोन्हीकडचे कायदे नीट बघून कागदावर लिहा, मग बोलू,’ एवढंच सांगितलं.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. रत्नागिरी-रायगडची आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या केपटाऊन, नैरोबी, ब्रिटनपर्यंत पोहोचली आहेत आणि सोयरीक अजूनही गावाकडे शोधली जाते. आखातात नोकरी करणाऱ्या जोडप्याला हा पेच सहसा पडत नाही. दोघं भारतीय असतात, नोकरी संपली की घरी येतात. पण दोघांचे पासपोर्ट वेगळे असले की संसारात दोन देशांचे कायदेही येऊन बसतात.

आठ दिवसांनी तिचा कागद आला. ब्रिटनच्या बाजूला लिहिलं होतं : पत्नीच्या व्हिसावर कायम वास्तव्य मिळायला पाच वर्षं लागतात. तिची तीन झाली. आता मधेच उठून आली, तर परत जाताना पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जासाठी वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. आधी ही मर्यादा १८,६०० होती. पत्नी बाहेरून अर्ज करत असेल, तर तिची इथली कमाई त्यात धरत नाहीत. कायम वास्तव्य मिळालं तरी सलग दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिलं की ते जातं.

अम्मीला तिकडे नेता येईल का? तो रस्ता फारच अरुंद आहे. रोजच्या साध्या गोष्टींसाठीही दुसऱ्याचा आधार लागतो आणि तशी देखभाल मायदेशात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. चालत्या-फिरत्या, स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या विधवा आईला त्यात जागा नाही.

भारताच्या बाजूला लिहिलं होतं : आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. जावईबापूंना मात्र ओसीआय कार्ड मिळू शकतं, आजोबा भारतीय होते म्हणूनही आणि पत्नी भारतीय असून लग्नाला दोन वर्षं झाली म्हणूनही. त्यावर इथं कितीही वर्षं राहता येतं, खासगी नोकरी करता येते. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. आपल्या कोकणात कलमांची बाग आणि सातबारा यांवर घर चालतं, तिथं ही बाब लहान नाही. आणि ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक होते, त्यांना हे कार्ड मिळत नाही. कराचीत नातेवाईक असलेल्या घरांनी हे आधीच बघावं.

बाळाचाही विचार हवा. आमच्या शाळेत पाचवी-सहावीत परदेशातून आलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. भाषा बदलते, मित्र बदलतात आणि काही मुलं वर्षभर वर्गात तोंड उघडत नाहीत. हलायचंच असेल तर शाळा सुरू होण्याआधी हललेलं बरं, असं आम्हाला वाटतं.

कागद हातात घेऊन एका रविवारी आम्ही तिच्या अम्मीकडे गेलो. त्यांनी चहा केला, घावन केले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, पोरीला वाटतं मी तिकडे यावं. जावयाला वाटतं त्यांनी इकडे यावं. माझ्या भावाला वाटतं मी त्याच्याकडे राहावं. मला काय वाटतं, ते कुणी विचारलंय का?’

आम्ही गप्प झालो. आम्हीही विचारलं नव्हतं.

मग विचारलं. त्यांना ब्रिटनला जायचंच नव्हतं. थंडी सोसणार नाही, भाषा येत नाही, इथं मोहल्ला आहे, दारात कलमं आहेत, जवळच पतीची कबर आहे. ‘तिने तिचा सासरा सोडून माझ्यासाठी यावं, हेही मला नको. उद्या त्यांना काही झालं तर जावई आयुष्यभर कुढत बसेल. फक्त रात्री भीती वाटते,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘काही झालं तर दार कोण उघडणार?’

त्या रात्री फोनवर अम्मी, लेक, जावई आणि मामू असे चौघं एकत्र बोलले. कुरआनमध्ये (सूरह बकरा, आयत २३३) तर बाळाचं दूध तोडण्यासारख्या गोष्टीतही आईबापाने आपसात सल्लामसलत करावी असं सांगितलं आहे. घर कुठं करायचं ही त्याहून मोठी बाब. ठरलं ते असं : अजून दोन वर्षं तिथंच राहून कायम वास्तव्य पूर्ण करायचं. तोवर दरवर्षी लेकीने बाळासह दोन महिने अम्मीकडे यायचं, तिकिटाचे पैसे जावयाने महिन्याला बाजूला टाकायचे. दोन वर्षांनी पुन्हा चौघांनी बसायचं आणि तोपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज करायचा नाही. अम्मीकडे रात्री मामूची कॉलेजातली मुलगी झोपायला येईल आणि घराची एक किल्ली शेजारच्या खालाकडे राहील.

प्रश्न सुटला असं आम्ही म्हणणार नाही. दहा महिने एक आई लेकीवाचून राहणार आहेच. पण आता कुणी कुणाला न विचारता त्याग करत नाही आणि लेकीचं रडणं थांबलं आहे.

आमची वाचकांना विनंती आहे. परदेशी पासपोर्टचं स्थळ आलं की मेहर, कपडे, दावत यांच्या बोलण्यांसोबत आणखी चार गोष्टी विचारा. कोणत्या देशात राहणार? तिथं मुलीला नोकरी करता येईल का? दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं काय? परत यायचं ठरलं तर कधी? मुलीला देशाबाहेर नेणार नाही अशी अट निकाहात घालता येते का, यावर फिक्हच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. हंबली मसलकात ती बंधनकारक मानतात, इतर मसलकांत तसं नाही. म्हणून आपल्या आलिमांना आधी विचारा आणि ठरेल ते लेखी ठेवा.

निकाहाची सरकारी नोंदणी लगेच करा, उर्दू निकाहनाम्याचा इंग्रजी तर्जुमा करून ठेवा. निकाह ब्रिटनमध्ये होणार असेल, तर तिथली कायदेशीर नोंदणीही करून घ्या. नुसत्या निकाहाला तिथला कायदा लग्न मानत नाही. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी ताजे नियमही पाहून घ्या.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल काही ठरवण्याआधी, एकदा त्यालाही विचारा.