आमच्या घरातला ढ

यंदा गणपतीला माहेरी, आपट्याला गेले होते. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. माझा नऊ वर्षांचा भाचा सगळ्यांत पुढे उभा राहून खणखणीत आवाजात म्हणत होता. एक शब्द चुकला नाही. मोठ्यांपैकी निम्मी मंडळी नुसते ओठ हलवत होती, हे मी स्वतः पाहिलं. (मीही त्यातलीच, उगाच कशाला खोटं बोला!)

मग प्रसाद वाटताना एका काकांनी त्याच्यापुढे पेपर धरला. "एवढं सगळं पाठ येतं ना, ही हेडलाइन वाच बघू." तो वाचायला लागला. अडकला. पुन्हा पहिल्या अक्षरावर गेला. तेवढ्यात मागून त्याच्याहून लहान चुलतबहिणीने भरकन वाचून टाकलं. सगळे हसले. काका म्हणाले, "बापासारखाच ढ!" आणि माझा भाऊही हसला.

दादाच्या त्या हसण्यामुळे हे लिहितेय. त्याला विचारून लिहितेय. आणि नात्यातली बरीच मंडळी इथे वाचतात हे माहीत असूनही लिहितेय. राग आला तर फोन करा.

'ढ' या शब्दाची एक गोष्ट सांगतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणं पार बदलली, पण ढ जवळपास होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही सुधारणा होत नाही तो ढ. खरंखोटं लिपीवाले जाणोत. पण आमच्या घरात गेली चाळीस वर्षं सुधारणा झाली नाही ती कुणाच्यात, हा माझा प्रश्न आहे. दादाला ढ म्हणणारे आम्हीच, त्याच्या मुलाला ढ म्हणणारेही आम्हीच.

माझ्या दादाने आठवीत शाळा सोडली. बंद पडलेला पंप तो नुसता आवाज ऐकून दुरुस्त करतो. पण बँकेत गेला की "चष्मा घरी राहिला, जरा भरून द्या" म्हणतो. त्याला चष्मा नाहीच. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, वहिनीने यंदा सांगितलं. डिस्लेक्सिया पुष्कळदा घराण्यात उतरतो, हे आता कुठल्याही डॉक्टरकडून कळेल. तेव्हा "बापासारखाच" हे काकांचं निदान बरोबर होतं. फक्त "ढ" चुकलं.

आता हे असतं काय, ते थोडक्यात. इंग्रजीतली मुलं बी आणि डी उलटसुलट करतात, हे आपण सिनेमात पाहिलंय. मराठीत हा त्रास जरा वेगळ्या वाटांनी येतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जुळी भावंडं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण उच्चारायची नंतर. र कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायात तिरका येतो. आपल्याला हे आपोआप जमलं, म्हणून ते सोपं वाटतं. भाच्याच्या वहीत 'किती'ची पहिली वेलांटी हमखास पुढच्या अक्षराला चिकटलेली असते. तो ऐकतो त्या क्रमाने लिहितो. याला मूर्खपणा कसा म्हणायचं?

आकड्यांचंही तेच. 'पंचवीस' ऐकलं की आधी पाच ऐकू येतो, म्हणून तो ५२ लिहितो. 'एकोणतीस' ऐकलं की तीस ऐकू येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायचा एक पर्याय दिला होता, आठवतंय? जुनी पद्धत काढली नव्हती, जोडीला नवी दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे हेच समजावून सांगत होत्या. पण उभा महाराष्ट्र खो खो हसत होता, विधानसभेतही कोट्या झाल्या. मीही ते विनोद पुढे पाठवले होते. आज भाच्याची वही बघताना त्याची लाज वाटते. ज्या मुलांना त्या पर्यायाचा आधार झाला असता, त्यांच्यावरच आपण सगळे हसलो.

तर आता मुद्द्यावर येते. त्या दिवशी जेवणानंतर घरच्या मंडळींनी निकाल दिला, "त्याला शहरात स्पेशल शाळेत घाला. हॉस्टेल असतं. इथे राहून वाया जाईल." कारण काय, तर तो हल्ली वर्गात मारामाऱ्या करतो, सकाळी शाळेच्या वेळी त्याचं पोट दुखतं, बाई त्याला उर्मट म्हणतात.

माझा याला विरोध आहे.

पहिलं कारण असं, की पोटदुखी आणि मारामाऱ्या आधी आल्या नाहीत. आधी न वाचता येणारं अक्षर आलं, मग हसणं आलं, मग मूठ आली. पहिलीत हे मूल बाईंचा पदर धरून फिरायचं. ज्याला रोज चाळीस मुलांसमोर उभं राहून हरायचं आहे, त्याला 'वाह्यात' ठरणं परवडतं, 'ढ' ठरणं परवडत नाही.

दुसरं कारण, ज्या स्पेशल शाळांची आपण नावं घेतो त्या यांच्यासाठी नाहीतच. आपल्याकडे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विशेष शाळा मुख्यतः चार प्रकारच्या: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद मुलांच्या. त्या हव्यातच. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून काम करतेय, तिच्यासारख्या शाळा नसत्या तर किती घरं कोलमडली असती. पण माझा भाचा मतिमंद नाही. त्याला वाचता येत नाही एवढंच आहे. फक्त अशाच मुलांसाठी ज्या थोड्या शाळा आहेत त्या मोठ्या शहरांत आणि बहुतेक खाजगी. त्यांच्या फिया रसायनीच्या कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या माणसासाठी ठरवलेल्याच नाहीत.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने खरं कारण: नऊ वर्षांच्या मुलाला आई, नदी, मित्र आणि घरातला गणपती यांपासून तोडायचं, ते कशासाठी? रोज अर्धा तास नीट शिकवणारं माणूस गावात नाही, म्हणून! म्हणजे उणीव शाळेची आणि घर सोडायचं मुलाने.

"कायदा आहे की," असं एका मावसभावाने ऐकवलं. आहे ना. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले, त्यात ती आली. शाळांनी ही मुलं लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यावर उपाय करावा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंतीने! वाचायला फार बरं वाटतं. आपट्यात बसून पसंत कशातून करायचं तेवढं सांगा.

मग दाखला. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळू लागलं. त्याला वैद्यकीय कारण आहे, लहान वयात निदान पक्कं होत नाही, ते मला मान्य. पण आठ वर्षं म्हणजे तिसरी. तोवर बाकीची मुलं वाचायला शिकून वाचून शिकायला लागलेली असतात. शिवाय तपासण्या एका फेरीत होत नाहीत. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात दादा-वहिनी चार वेळा गेले. आपट्याहून पनवेल, पनवेलहून कुर्ला, पुढे बदलून. चार दिवसांचा रोज बुडाला. एकदा तर पोचल्यावर कळलं की चाचणी घेणाऱ्या मॅडम आज रजेवर.

आणि एवढं करून मिळतं काय? सवलत. महाराष्ट्राने १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या, तेव्हा देशात फारसं कुणी असा विचारही करत नव्हतं. जादा वेळ, लेखनिक, गणिताला सोपा पर्याय. ज्यांनी ते मिळवून दिलं त्यांना नमस्कारच. पण सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. पोहायला न शिकवता शर्यतीत दहा मिनिटं जास्त दिली, तर मूल दहा मिनिटं जास्त गटांगळ्या खाईल. आपण दहावीच्या दारात दयाळू होतो आणि दुसरीच्या वर्गात डोळे मिटून घेतो.

तेही आता दहावीपर्यंत थांबायचं नाही. पूर्वी निदान ढकलगाडी होती. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. माझा भाचा आत्ता चौथीत आहे. ढकलगाडीची मी काही भक्त नाही, न शिकवता पुढे ढकलणं हाही अन्यायच. पण न शिकवता मागे ठेवणं हा त्याचा उपाय कसा झाला?

"तारे जमीन पर"चं नाव निघालंच. २००७ साली थेटरात रडणाऱ्यांत मीही होते. त्या सिनेमाने हा शब्द घराघरांत नेला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण दोन गोष्टी खटकतात. एक, त्यातला मुलगा उत्तम चित्रकार निघतो. म्हणजे वाचता येत नसेल तर निदान दुसरं काही तरी झळाळतं दाखव, मग आम्ही तुला माफ करू. माझा भाचा चित्रं साधारणच काढतो. त्याने काय करावं? आणि दुसरी, सगळं एका निकुंभ सरांवर येऊन ठेपतं. आपटा स्टेशन बाहेरच्यांना माहीत आहे ते "दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे"च्या शेवटामुळे. चालत्या गाडीतून पुढे आलेला हात आणि धावत येऊन तो पकडणारी मुलगी. सिनेमात ठीक आहे. पण आम्हा आपटेकरांची रोजची ये-जा स्टेशनात वेळेवर थांबणाऱ्या गाडीने होते. शाळेकडूनही मला एवढंच हवंय.

म्हणजे नेमकं काय? या मुलांना कसं शिकवायचं हे काही गूढ नाही. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकापासून त्याची पद्धत बसवत नेली. शब्दाचे आवाज सुटे करायचे, अक्षर डोळ्यांनी, कानांनी, बोटांनी, तिन्ही वाटांनी आत जाऊ द्यायचं, थोडं थोडं, रोज, तेच ते, न चिडता. ताटात रवा पसरून त्यात बोटाने वेलांटी काढायला काय खर्च येतो? खर्च येतो तो प्रशिक्षित माणसाचा. तो सरकारने करायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सांगितलं. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे साधारण दर केंद्राला एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरा. त्या बाई आमच्या गावात किती दिवसांनी येणार, हिशेब तुम्हीच करा. ज्याला रोज अर्धा तास हवा, त्याला पंधरवड्याने भेट देऊन काय होणार?

एक मात्र स्पष्ट करते. मी गावातल्या बाईंना खलनायिका करत नाहीये. दोन-दोन वर्ग एकत्र घ्यायचे, निवडणुकीची कामं करायची, ऑनलाइन माहित्या भरायच्या, त्यातून हे. डी.एड.ला त्यांना डिस्लेक्सियाबद्दल परीक्षेपुरतं शिकवलं असेल, असं मूल समोर बसवून कुणी दाखवलं नसणार. त्यांना मदत हवी आहे, उपदेश नकोय.

आता नातेवाइकांसाठी. तुम्ही म्हणाल, तुझं काय जातं, तू पुण्यात बसून लिहितेस. खरं आहे. एवढंच सांगते, स्पेशल शाळेचा विषय पुन्हा काढण्याआधी 'ढ' हा शब्द घरातून काढा. त्याला पैसे लागत नाहीत आणि दाखलाही लागत नाही. पुढच्या गणपतीला त्याच्यापुढे पेपर धरू नका.

आणि आम्ही काय करतोय, तेही सांगते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्या समितीला अर्ज लिहिलाय: आमच्या गावात अशी मुलं किती ते तपासा, विशेष शिक्षिका आठवड्यातून ठरावीक दिवशी यायला हव्यात अशी लेखी मागणी वर पाठवा, आणि तोवर आमच्या बाईंना प्रशिक्षणाला पाठवा. मजकूर माझा. निघायच्या आदल्या रात्री तो दादापुढे ठेवला. या वेळी त्याने चष्म्याचं नाव काढलं नाही. "तू वाच, मी ऐकतो," म्हणाला. मी वाचला. "परत वाच." परत वाचला. मग 'गावात अशी मुलं किती' या ओळीपाशी थांबवून म्हणाला, "इथे मोठी माणसंपण लिही."

लिहिलं. त्याने सही केली.