‘उपयोग काय?’ आणि १९४२चा एक शोध

१ ते १० मधून अशा संख्या निवडायच्या, की कोणत्याही दोन बेरजा समान येऊ नयेत. मग एखादी संख्या स्वतःशीच मिळवलेली का असेना. १, २, ५, ७ ही निवड चालते. पाच संख्या मात्र निवडताच येत नाहीत. पाच संख्यांच्या दहा जोड्या होतात, त्या दहांचे फरक वेगवेगळे असावे लागतात आणि उपलब्ध फरक १ ते ९ असे नऊच असतात.

अशा संचांना ‘सिडॉन संच’ म्हणतात. १ ते ‘न’ मध्ये असा संच मोठ्यात मोठा किती असू शकतो? तो ‘न’च्या वर्गमूळापेक्षा फारसा मोठा असू शकत नाही, हे एर्डोश आणि तुरान यांनी १९४१मध्ये दाखवले. पण तितका मोठा संच प्रत्यक्ष रचता येतो का? राजचंद्र बोस यांनी १९४२मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याची एक रीत दिली: कोणतीही मूळ संख्या ‘प’ घेतली, तर प² पेक्षा लहान अशा ‘प’ संख्यांचा सिडॉन संच मिळतो. १९४४मध्ये लाहोरचे सर्वदमन चावला आणि एर्डोश यांनी सिंगर यांच्या १९३८च्या प्रमेयावरून स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

बोस यांचे हत्यार होते सांत क्षेत्रांचे बीजगणित. महालनोबिस यांच्या कोलकात्यातील सांख्यिकी संस्थेत ते याच बीजगणिताने शेतीप्रयोगांचे आराखडे रचत होते. पिकांच्या चाचणीसाठी घासलेले हत्यार शुद्ध संख्या सिद्धांतात कामी आले.

संशोधनाला निधी देताना ‘उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. शुद्ध गणिताची कैफियत बहुधा ‘पुढेमागे उपयोग होईल’ या आश्वासनावर मांडली जाते. ती अपुरी आहे. येथे वाहतूक उलट दिशेने झाली, आणि ती होऊ शकली, कारण दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाच्या टेबलावर जागा होती. उपयुक्त आणि निरुपयोगी अशी भिंत घातली, की दोन्हीकडची वाट बुजते.

प्रश्न आजही संपलेला नाही. एर्डोश-तुरान मर्यादेत वर्गमूळाखेरीज ‘न’च्या चौथ्या मूळाइतकी भर उरते. १९६९मध्ये लिंडस्ट्रॉम यांनी तिचा गुणक १ वर आणला. २०२१मध्ये बालोग, फ्युरेडी आणि सौक्तिक रॉय यांनी तो ०.९९८ केला. अर्ध्या शतकात एवढीच सरशी! पण ती समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात असा एखादा न सुटलेला प्रश्न असेल, तर गणित हे पूर्ण झालेले पुस्तक नव्हे, हे विद्यार्थ्यांना निराळे सांगावे लागणार नाही.